सात तारीख उलटल्यावर

७ फेब्रुवारी २००८ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर एक रेसिंग कार लोकांना दाखवली गेली. तिचं नाव व्हीजेएम ०१. फॉर्म्युला वनमध्ये भारताचं नाव लावून उतरणारा पहिला संघ, फोर्स इंडिया, त्या दिवशी मुंबईसमोर आला. संघ तसा जुनाच. एडी जॉर्डन यांनी १९९१ साली तो शर्यतीत उतरवला, पुढे तो मिडलंडचा झाला, मग स्पायकरचा, आणि २००७च्या अखेरीस विजय मल्ल्या आणि डच उद्योजक मिकिएल मोल यांनी तो सुमारे ८.८ कोटी युरोंना विकत घेतला. कारखाना इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला, माणसं बहुतेक तिथलीच. तरी लालबाग-परळच्या पोरांनी तो आपला मानला. २००९ साली बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर जिआनकार्लो फिसिकेलाने या गाडीतून पहिल्या जागेवरून सुरुवात करून दुसरा नंबर काढला, तेव्हा आमच्या चाळीच्या गॅलरीत पोरांनी कोकणातल्या क्रिकेटचा कप जिंकल्यासारखा दंगा केला होता.

गेटवेवरच्या त्या दिवसानंतर दहा वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, याच संघाचा चालक सर्जियो पेरेझ याच्या कंपनीचा अर्ज लंडनच्या हायकोर्टात सुनावणीला आला. आपला पगार थकला आहे, संघ देणी देऊ शकत नाही, कोर्टाने संघाचा ताबा घ्यावा, असा त्याचा मतलब. थकलेली रक्कम सुमारे ४० लाख डॉलर असल्याच्या बातम्या होत्या, म्हणजे तेव्हाच्या भावाने पंचवीस कोटींच्या वर.

मोटारींच्या शर्यती मी भाच्यामुळे बघायला लागले. पगार थकणं म्हणजे काय, ते मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी गिरणी कामगाराची मुलगी, आणि माझं अख्खं आयुष्य दुसऱ्यांची पगारपत्रकं करण्यात गेलं. त्यामुळे पेरेझची बातमी वाचली तेव्हा त्या कोट्यवधींच्या आकड्याकडे माझं लक्ष फार टिकलं नाही. पगार कधीपासून थकला, आणि तोवर हा माणूस गप्प का राहिला, हे मला आधी विचारावंसं वाटलं. पगार थकल्याची बातमी पहिल्या महिन्यात कधीच येत नाही. ती येते तेव्हा घरातलं बरंच काही आधीच गहाण पडलेलं असतं.

आधी हे सांगायला हवं, की फॉर्म्युला वनचा चालक कायद्याने संघाचा नोकर नसतो. तो बहुतेक वेळा स्वतःची एक कंपनी काढतो आणि संघाचा करार त्या कंपनीशी होतो. ठरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने मिळते, वर मिळवलेल्या गुणांमागे बोनस. म्हणजे मजुराला जे संरक्षण कायदा देतो ते त्याला नाही. टायरवाला, इंजिनवाला, हॉटेलवाला यांच्यासारखाच तोही एक घेणेकरी, आणि त्याच्याकडे तारण म्हणून काहीही नसतं.

आणि संघाकडे पैसा येतो कुठून? एक वाटा गेल्या मोसमात कितवा नंबर आला त्यावर मिळणाऱ्या बक्षिसाचा. ते पैसे पुढच्या वर्षी हप्त्यांनी येतात. दुसरा वाटा गाडीवर नाव रंगवणाऱ्या कंपन्यांचा. तिसरा मालकाच्या खिशातला. त्या काळात बक्षिसाची वाटणीही सरळ नव्हती. फेरारीसारख्या जुन्या, मोठ्या संघांना वेगळे जादा पैसे मिळत, मग नंबर कितवाही येवो. फोर्स इंडिया आणि स्विस संघ सॉबर यांनी २०१५ साली याविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रारही केली होती. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं फोर्स इंडिया चौथा आला, मर्सिडीज, फेरारी आणि रेड बुल यांच्या खालोखाल. त्यांच्या मानाने फार थोड्या पैशात. इतकं चांगलं काम करूनही पगाराला पैसे नव्हते, कारण तिसरा वाटा, मालकाचा खिसा, आटला होता. मल्ल्या मार्च २०१६ पासून इंग्लंडात होते, त्यांच्या मालमत्तेवर बँकांचे दावे चालू होते, आणि पुढे आलेले दुसरे मोठे भागीदार, सहारा समूहाचे सुब्रत रॉय, २०१४ साली तुरुंगात गेले होते. दोन मोठे मालक, आणि दोघेही कोर्टाच्या फेऱ्यात.

पैसे कमी पडले की कुठल्याही धंद्यात एक यादी होते. मी ती माझ्या टेबलावर होताना पाहिली आहे, म्हणून सांगते. सगळ्यात आधी वीजबिल, कारण वीज तोडली तर मशीन बंद. मग बँकेचा हप्ता, तो तर खात्यातून आपोआपच जातो. मग कच्चा माल देणारा. त्याचं आधीचं बिल थकलं असेल तर रोख हातात पडल्याशिवाय तो टेम्पोची ताडपत्री सोडत नाही. जीएसटी, फंडाचं चलन, ईएसआय यांना तारखा आहेत, दंड आहे. हे सगळं झालं की उरेल त्यात पगार. कायद्यात हा क्रम नाही. १९३६च्या वेतन कायद्यापासून पगाराची तारीख ठरलेली आहे, हजाराहून कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहा. आताच्या वेतन संहितेत महिन्याच्या पगाराला सगळ्यांना सातच. पण मालक बघतो ते एवढंच, की आज पैसे दिले नाहीत तर उद्या काम कोण थांबवील. वीजवाला थांबवील, टेम्पोवाला थांबवील. कामगार मात्र आठ तारखेलाही डबा घेऊन दारात उभा असतो.

रेसिंगच्या दुनियेत हाच क्रम उघड्यावर दिसतो. लोटस नावाचा संघ २०१३ साली असाच अडचणीत होता. त्यांचा चालक किमी रायकोनेन त्या मोसमाची पहिली शर्यत जिंकलेला. नोव्हेंबरात अबू धाबीला त्याने पत्रकारांना सांगितलं, की या वर्षी मला एक युरोही मिळालेला नाही. म्हणजे मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत तो ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने फुकट गाडी चालवत होता. शेवटच्या दोन शर्यती त्याने पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी सोडल्या आणि तो फेरारीत गेला. दोन वर्षांनी, २०१५च्या हंगेरी शर्यतीत, याच लोटसचे पैसे पिरेली या टायर कंपनीकडे थकले होते. पिरेलीने काय केलं? शुक्रवारी सकाळी सरावाची वेळ झाली तरी टायर दिले नाहीत. गाड्या गॅरेजमध्ये उभ्या. पैशांची सोय झाली तेव्हाच टायर सुटले आणि गाड्या ट्रॅकवर आल्या. टायरवाल्याला एक सकाळ पुरली. जगज्जेत्या चालकाला अख्खा मोसम पुरला नाही. जर्मन चालक निको हल्केनबर्ग सॉबरमध्ये होता, त्याचेही पैसे त्याच २०१३ साली थकले होते, आणि तोही मोसम संपेपर्यंत गाडी चालवत राहिला.

ही माणसं थांबत का नाहीत? चालकाचं कारण सरळ आहे. जगात फॉर्म्युला वनच्या जागा वीस-बावीस. जागा सोडली तर दुसऱ्या दिवशी तिथे बसायला स्वतःच्या खिशातून पैसे घालणारा पोरगा तयार असतो, आणि सहा महिने ट्रॅकवर दिसला नाहीत तर लोक तुम्हाला विसरतात. गिरणीतल्या बदली कामगाराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. दारात रोज उभं राहायचं, मुकादमाने नाव घेतलं तर पाळी, नाही तर घरी. शिवाय थकलेल्या पगाराची स्वतःची एक ओढ असते. जितका जास्त थकतो तितकं सोडून जाणं अवघड होतं. आता सोडलं तर मागचंही बुडेल, ही भीती माणसाला अजून एक महिना फुकट राबवते.

परळला एका ठिकाणी मी पूर्वी नोकरीला होते, नाव लिहीत नाही. तिथे मंदी आली तेव्हा मालकाने पगाराच्या रजिस्टरवर सह्या आधी घेऊन ठेवायला सांगितल्या. रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवायचा, त्यावर सही घ्यायची, पैसे दोन दिवसांत देतो म्हणायचं. माणसांनी विश्वासाने सह्या केल्या. दोन दिवसांचे दोन महिने झाले. पुढे पाचसहा जण तक्रार करायला गेले, तेव्हा त्यांच्यासमोर तेच रजिस्टर उघडलं गेलं. त्यात पगार पोचल्याच्या त्यांच्याच सह्या होत्या. त्यातला एक पॅकिंग खात्यातला मनुष्य रजिस्टरवरच्या आपल्या सहीवर बोट ठेवून नुसता बघत राहिला होता. त्या दिवसापासून मी कुठल्याही ऑफिसात पैसे हातात पडायच्या आत कुणाची सही घेतलेली नाही, आणि घेऊ दिलेली नाही.

आता गिरणगावाकडे येते. कारण पेरेझच्या प्रकरणातली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती लालबागमध्ये राहिल्याशिवाय नीट कळणार नाही.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, साठाच्या आसपास गिरण्या. माझे बाबा साचेखात्यात होते. संपाबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी ते पुन्हा सांगत नाही. संपानंतर जे झालं त्याबद्दल कमी बोललं जातं. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि ज्यांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षं साचे चालवले त्यांची ग्रॅच्युइटी, फंड, राहिलेला पगार अडकून पडला. त्याला आमच्याकडे एकच शब्द होता, देणी. ‘देणी मिळाली का?’ ही आमच्या चाळीतली खुशाली विचारायची रीत झाली होती. आणि देणी एका माणसाची कधीच थकत नाहीत. गावाकडून एकटे आलेले कामगार खानावळीत जेवायचे, महिन्याच्या पगारावर पैसे चुकते करायचे. पगार थांबला तसे खानावळवाल्या बायांचे पैसे थांबले, त्यांचे थांबले तसे वाण्याचे थांबले. याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. संपात त्या बायांनीच किती घरं उधारीवर जगवली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

बंद गिरण्या तेव्हा बीआयएफआर नावाच्या मंडळाकडे जात. आजारी कंपन्यांना उभं करण्यासाठी १९८५च्या कायद्याने ते स्थापन झालं. प्रकरण तिथे असेपर्यंत घेणेकऱ्यांना कंपनीवर जप्ती आणता येत नसे. हेतू चांगला होता. आजारी माणसाला अंथरुणातून ओढून बाहेर काढू नये, एवढाच. पण तारखांमागून तारखा पडत गेल्या आणि गिरण्यांच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. गिरणी बंद राहिली तरी तिची किंमत कमी होत नव्हती. ती वाढत होती. गिरणीखालची जमीन लोअर परळची होती, दादरची होती, प्रभादेवीची होती. १९९१च्या विकास नियमांनी गिरणीच्या जमिनी विकसित करायची वाट उघडली, २००१ साली तो नियम मालकांच्या सोयीने बदलला, २००६ साली सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. शिवसेना भवनासमोरची कोहिनूर मिलची जमीन २००५ साली ४२१ कोटींना विकली गेली. साचे गंजत होते, भाव चढत होता. मग गिरणी लवकर सुरू करायची किंवा लवकर निकालात काढायची घाई कुणाला असणार? घाई होती ती एकट्या कामगाराला, आणि निर्णय त्याच्या हातात नव्हता. बंद गिरणी कामगार संघर्ष समिती १९८९ साली निघाली, मॉडर्न मिलमध्ये काम केलेले दत्ता इस्वलकर त्यासाठी उपोषणाला बसले, आयुष्यभर लढले, २०२१ साली गेले. त्या लढ्यामुळे पुढे घरांचा हक्क मिळाला. देणीही बऱ्याच जणांना मिळाली, पण कधी? बाबांची ग्रॅच्युइटी बाबांच्या हातात पडली नाही. आईच्या हातात पडली.

आता पेरेझकडे बघा.

२७ जुलै २०१८, शुक्रवार. हंगेरीला शर्यतीचा आठवडा चालू होता. त्या दिवशी लंडनच्या हायकोर्टाने फोर्स इंडियावर प्रशासक नेमले. पेरेझने नंतर सांगितलं, की दुसऱ्या एका घेणेकऱ्याचा कंपनी पार मोडीत काढण्याचा अर्ज आलेला होता. तो मंजूर झाला असता तर कारखान्याला कुलूप लागून सामान लिलावात गेलं असतं. म्हणून संघातल्याच काही जणांनी त्याला विनंती केली, की तू अर्ज कर, म्हणजे प्रशासक येतील आणि संघ चालू राहील. आपल्याच संघाला कोर्टात खेचणं त्याला जड गेलं असणार, तसं तो बोललाही. त्याच्या बाजूने इंजिन पुरवणारी मर्सिडीज आणि जाहिरातदार बीडब्ल्यूटी उभे राहिले. प्रशासक नेमला गेला की घेणेकऱ्यांना जप्ती आणता येत नाही आणि मालकाचा कारभारही थांबतो. काम चालू राहतं आणि गिऱ्हाईक शोधलं जातं. रविवारी दोन्ही गाड्या हंगेरीच्या शर्यतीत धावल्या.

७ ऑगस्टला कॅनडाचे उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने संघ घेत असल्याचं जाहीर झालं. घेणेकऱ्यांचे पैसे पूर्ण मिळणार आणि ४०५ जणांच्या नोकऱ्या टिकणार, हेही त्याच दिवशी जाहीर झालं. प्रशासक नेमल्यापासून तोडग्यापर्यंत अकरा दिवस.

हे अकरा दिवसांत का झालं, याचं उत्तर इंग्रजांच्या कार्यक्षमतेत शोधू नका. त्याच इंग्रजांच्या कोर्टात लोटसचं प्रकरण २०१५ साली कितीतरी आठवडे पुढे ढकललं जात होतं. फोर्स इंडियाचं उत्तर कॅलेंडरात होतं. पुढची शर्यत २६ ऑगस्टला स्पाला होती. रेसिंगचा संघ एक शर्यत चुकला की त्याची किंमत घसरते, दोन चुकला की माणसं दुसऱ्या संघात जातात, आणि मग विकायला उरतं काय, तर काही यंत्रं आणि शेड. सिल्व्हरस्टोनच्या त्या शेडखालच्या जमिनीत लोअर परळचं सोनं नव्हतं. सगळी किंमत त्या चारशे माणसांच्या हातात आणि डोक्यात होती. म्हणून बँकवाला, इंजिनवाला, प्रतिस्पर्धी संघ, सगळ्यांनाच घाई झाली. नियमाने नवीन मालकाला जुने ५९ गुण सोडून शून्यापासून सुरुवात करावी लागली, पण बाकीच्या संघांनी बक्षिसाच्या पैशांवरचा त्याचा हक्क मान्य केला. स्पाला पेरेझ पाचवा आणि त्याचा सहकारी एस्तेबान ओकॉन सहावा आला. हाच संघ २०२१ पासून ॲस्टन मार्टिन या नावाने धावतो.

माझं म्हणणं या दोन प्रकरणांच्या मधोमध आहे. पगार थकतो तेव्हा आपण मालक चांगला की वाईट, युनियन कडक की मवाळ, यावर बोलत बसतो. आधी हे बघायला हवं, की धंदा बंद पडून राहण्यात कुणाचा तोटा आहे. सगळ्यांचा असेल तर पैसे निघतात. फक्त राबणाऱ्याचा असेल तर निघत नाहीत, आणि तेव्हा कायद्यानेच घाई करायला हवी.

मल्ल्या यांच्याच दुसऱ्या धंद्यात ती घाई कुणी केली नाही. किंगफिशर एअरलाइन्स २००५ साली सुरू झाली, तिची मोठी कचेरी आपल्या विलेपार्ल्यात, विमानतळाच्या शेजारी. २०१२च्या सुरुवातीपासून पगार थकायला लागले. सप्टेंबरच्या अखेरीस इंजिनीअर आणि वैमानिकांनी काम थांबवलं, १ ऑक्टोबरला विमानं जमिनीवर आली, २० ऑक्टोबरला परवाना स्थगित झाला. त्याच ऑक्टोबरात दिल्लीत एका कर्मचाऱ्याच्या पत्नीने आत्महत्या केली. नवऱ्याचा पगार कित्येक महिने झाला नाही, हे तिच्या चिठ्ठीत होतं. २८ ऑक्टोबरला नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर इंडियन ग्रां प्री व्हायची होती आणि फोर्स इंडियाच्या दोन गाड्या तिथे उतरणार होत्या. कर्मचाऱ्यांनी त्या शर्यतीच्या वेळी निदर्शनं करू असं सांगितलं. शर्यत तोंडावर आली तेव्हा थकलेल्यातले काही पगार हप्त्यांनी देण्याचं आश्वासन मिळालं. शर्यतीची तारीख हेच त्यांच्या हातातलं एकमेव हत्यार होतं. शर्यत झाली, तारीख गेली, हत्यारही गेलं. विमानं पुन्हा उडाली नाहीत.

गाड्यांना पैसा आहे, मग आम्हाला का नाही, असं ते कर्मचारी विचारत होते. प्रश्न माणुसकीचा होता. कायद्याचं उत्तर वेगळं होतं. कायद्याच्या दृष्टीने विमानाची कंपनी वेगळी, दारूची वेगळी, रेसिंगची वेगळी. एकीचं देणं दुसरीच्या तिजोरीतून मागता येत नाही. पुढे कर्जाचा काही पैसा रेसिंग संघाकडे वळवल्याचा आरोप ईडीने ठेवला. मल्ल्या यांनी आरोप नाकारले आहेत. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला प्राप्तिकर सरकारजमा झाला नव्हता, ही त्या खात्याची तक्रार होती. म्हणजे पगार मिळाला नाही तो नाहीच, वर कराच्या कटकटी मागे लागल्या. सतरा बँका रांगेत पुढे होत्या. विलेपार्ल्याचं किंगफिशर हाऊस २०१६ साली १५० कोटींच्या राखीव किमतीला लिलावात काढलं, कुणी बोली लावली नाही. ते शेवटी विकलं गेलं २०२१ साली, सुमारे ५२ कोटींना. पाच वर्षांच्या उशिराची ही किंमत.

आपल्याकडे २०१६ साली दिवाळखोरी संहिता आली ती हा उशीर संपवण्यासाठीच. बीआयएफआर त्याच वर्षी बंद झालं. संहितेत रांग लिहून दिली आहे. कंपनी मोडीत निघाली तर आधी त्या प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका एकाच पायरीवर, त्यानंतर बाकी कर्मचाऱ्यांचे मागचे १२ महिने. फंड आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतले पैसे कंपनीच्या मालमत्तेत धरायचेच नाहीत. कामगार बँकेच्या बरोबरीला आला तो १९८५ साली कंपनी कायद्यात झालेल्या बदलाने. त्याच्या आधी सुप्रीम कोर्टाने असा निकाल दिला होता, की कंपनी बंद करण्याच्या सुनावणीत कामगारांना बोलायचा हक्क आहे. म्हणजे १९८२ सालापर्यंत हासुद्धा वादाचा मुद्दा होता. मला हे कळलं तेव्हा बाबांची आठवण झाली. ज्या वर्षी ते रस्त्यावर होते, त्याच वर्षी दिल्लीत यावर वाद चालू होता, की त्यांना कोर्टात उभं राहता येईल की नाही.

कायदा झाला म्हणून घाई झाली असं मात्र नाही. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ला उडालं. प्रकरण मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात त्याच जूनमध्ये दाखल झालं. संहितेची मुदत ३३० दिवसांची. सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला ७ नोव्हेंबर २०२४ला, साडेपाच वर्षांनी. फंड आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायला हवी असा निकाल कामगारांनी मधल्या काळात मिळवला, पण पैसे घालून कंपनी उभी करणारा शेवटपर्यंत उभा राहिला नाही. आणि आणखी एक अडचण. २०२० साली, कोविडच्या सुरुवातीला, अर्ज करायला लागणारी थकबाकीची रक्कम एक लाखावरून एक कोटीवर नेली. पेरेझला ती अट अडली नसती. वीस हजार पगाराच्या माणसाला ती कायमची भिंत आहे. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली, एका ताग गिरणीच्या कामगारांच्या प्रकरणात, युनियन सगळ्यांच्या वतीने अर्ज करू शकते असं सांगितलं आहे. म्हणजे वाट आहे, पण ती एकट्याची नाही. पगाराच्या बाबतीत ही एक कोटीची अट सरकारने काढून टाकली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तोवर माझ्यासारख्या पगारपत्रकं करणाऱ्या बाईचं एवढंच सांगणं. सात तारीख उलटली तर आठ तारखेला लेखी विचारा, साध्या कागदावर का होईना, आणि पोच घ्या. मोबाईलवर फंडाचं पासबुक उघडून दर महिन्याला पैसे भरले गेलेत का ते बघा. बुडणारी कंपनी पगाराच्या आधी बहुतेक वेळा तिथेच थांबते. पगाराच्या पावत्या जपून ठेवा. पैसे मिळाल्याशिवाय कशावरही सही करू नका. आणि एकट्याने जाऊ नका, चौघं मिळून जा. मुंबईचं कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, कामगार भवनात आहे. थकलेल्या पगाराचा दावा कर्मचाऱ्याला स्वतः करता येतो, युनियनलाही करता येतो. नव्या वेतन संहितेत त्याची मुदत तीन वर्षं आहे. तुम्ही तिसरा महिना लागायची वाट बघू नका.